ट्रिगचे (त्रिकोणमितीचे) फॉर्म्युले पाठ करूनही परत परत विसरतात? आधी नेमकं काय विसरतंय ते शोधा

लक्षणं सगळ्यांची सारखीच असतात. फॉर्म्युले पाठ होतात, दोन-चार दिवस टिकतात, आणि मग ऐन गणित सोडवताना कॉस(ए+बी) मध्ये प्लस होता की मायनस, सेक म्हणजे एक भागिले साइन की एक भागिले कॉस, साइन ६० म्हणजे अर्धा की रूट तीन बाय दोन, असं सगळं डोक्यात गरगरायला लागतं, मग परत वही काढा, परत घोका, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यावर सगळे एकच उपाय सांगतात की अजून एक ट्रिक पाठ कर. मग ट्रिक्सचाच ढीग होतो आणि कुठली ट्रिक कशासाठी होती तेच आठवत नाही.

"माझ्या लक्षातच राहत नाही" हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. अख्खा फॉर्म्युला सहसा कोणी विसरत नाही, विसरतो त्यातला एक तुकडा. साइन(ए+बी) मध्ये दोन साइन आणि दोन कॉस असतात हे आठवत असतं, पण चिन्ह डळमळतं. १ + टॅन वर्ग आठवतं, समोर सेक वर्ग की कोसेक वर्ग तिथे गाडी अडते. म्हणजे बिघाड छोटा आणि ठराविक जागी असतो, आणि आपण दरवेळी सगळं यंत्र खोलून बसतो. तर आधी एक काम करा. कोऱ्या कागदावर वही न बघता येतील तेवढे फॉर्म्युले लिहा, मग वहीशी ताडून बघा आणि चुकलेल्या फॉर्म्युल्यात नेमका कोणता भाग चुकलाय त्याला गोल करा. चिन्हाचा गोल, क्रमाचा गोल, जोडीचा गोल. दोन-तीनदा हे केलं की दिसेल, गोल त्याच त्याच जागी पडतायत.

दुसरी गोष्ट म्हणजे कुठल्याही ट्रिकला एक ताळा जोडलाच पाहिजे. ट्रिक उत्तर आठवायला मदत करते, पण ट्रिकच उलटी आठवली तर? तिथे ताळा लागतो. ट्रिगमध्ये ताळा करणं फार सोपं आहे, माहीत असलेला कोन घालायचा आणि दोन्ही बाजू सारख्या येतात का बघायचं, दहा-वीस सेकंदांचं काम. फक्त एक पथ्य पाळा, ताळ्याला शक्यतो ४५ घेऊ नका. ४५ ला साइन आणि कॉस सारखे, टॅन आणि कॉट सारखे, सेक आणि कोसेक पण सारखे, त्यामुळे अदलाबदल झाली असेल तर ती ४५ मध्ये झाकली जाते. समजा कोणी लिहिलं १ + टॅन वर्ग = कोसेक वर्ग. ४५ घाला, डावीकडे २, उजवीकडे पण २, वा, बरोबर! आता ३० घालून बघा. डावीकडे १ + १/३ म्हणजे ४/३, आणि कोसेक ३० चा वर्ग ४. चोरी पकडली गेली. म्हणून ताळ्याला ३० आणि ६० हीच जोडी. शून्य पण चालतं, पण ते अर्धी पदं गायब करतं म्हणून जपून वापरा.

आता एकेक बिघाड घेऊ. तुमचा गोल जिथे पडलाय तेवढाच भाग वाचलात तरी चालेल.

बिघाड पहिला: साइन-कॉसच्या बाजू उलट्या होतात

हा अगदी सुरुवातीचा बिघाड, पण कॉलेजात पण भेटतो. कारण बहुतेक वेळा हे की बाजू "उभी" आणि "आडवी" अशा पाठ केलेल्या असतात. लंब म्हणजे उभी, पाया म्हणजे आडवी. पुस्तकातल्या आकृतीत त्रिकोण शहाण्यासारखा बसलेला असतो तोवर सगळं ठीक, आणि मग पेपरात त्रिकोण फिरवून देतात किंवा वरच्या कोनाचा साइन विचारतात की झालं.

बाजू कोनावरून ठरते, कागदावरून नाही. ज्या कोनाचा साइन पाहिजे त्या कोनावर बोट ठेवा. काटकोनासमोरची सगळ्यात मोठी बाजू कर्ण, ती आधी बाजूला काढा. उरलेल्या दोघींपैकी जी बोटाला शिवत नाही ती समोरची, जी शिवते ती लगतची. मग एवढे तीनच शब्द म्हणा: सासक, कोलक, टॅसल. साइन म्हणजे समोरची भागिले कर्ण, कॉस म्हणजे लगतची भागिले कर्ण, टॅन म्हणजे समोरची भागिले लगतची. शब्दांना अर्थ काही नाही, पण तोंडात पटकन बसतात. इंग्रजी माध्यमवाले सोह-काह-टोआ म्हणतात, तेही हेच आहे, जे आधी बसलंय ते ठेवा, दोन्ही नका ठेवू.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. त्रिकोण अबक, ब ला काटकोन, अब = ५, बक = १२, अक = १३. कोन क वर बोट ठेवा. न शिवणारी बाजू अब, म्हणून साइन क = ५/१३, कॉस क = १२/१३. आता बोट उचलून अ वर ठेवा, त्रिकोण तोच, पण न शिवणारी बाजू आता बक, साइन अ = १२/१३. पाया-उंची पाठ केलेला माणूस इथे हमखास ५/१३ लिहितो. ताळा असा की मोठ्या कोनासमोर मोठी बाजू असते, त्यामुळे मोठ्या कोनाचा साइन मोठा आला पाहिजे. आणि साइन किंवा कॉस एकापेक्षा मोठा आला, १३/५ वगैरे, तर अपूर्णांक उलटा झालाय, पुढे जाऊच नका.

सेक-कोसेकची गंमत याच्याच शेजारी आहे. सेक "स" ने सुरू होतो म्हणून तो साइनचा व्यस्त (एक भागिले साइन), असं मन आपसूक जोडतं आणि तिथेच फसतं. नियम एकच: व्यस्ताच्या प्रत्येक जोडीत "को" एकदाच येतो. साइनमध्ये को नाही, म्हणून त्याची जोडी कोसेक. कॉसमध्ये को आहे (कोसाइनच तो), म्हणून त्याची जोडी नुसता सेक. टॅनची कॉट. दोन "को" एका जोडीत दिसले किंवा एकही दिसला नाही की जोडी चुकली.

बिघाड दुसरा: किमतींचा तक्ता उलटापालटा होतो

तक्ता पाठ करायचाच नसतो, तो बनवायचा असतो. ०, ३०, ४५, ६०, ९० लिहा, खाली ०, १, २, ३, ४ लिहा, प्रत्येकाचं वर्गमूळ घ्या आणि २ ने भागा. झाला साइन. रूट शून्य बाय दोन म्हणजे ०, रूट एक बाय दोन म्हणजे अर्धा, मग रूट दोन बाय दोन, रूट तीन बाय दोन, आणि रूट चार बाय दोन म्हणजे १. कॉससाठी तीच ओळ उलटीकडून. टॅनसाठी वरच्या ओळीला खालच्या ओळीने भागायचं.

कागद नसेल तर हात आहेच. तळवा स्वतःकडे करा. करंगळी शून्य, अनामिका ३०, मधलं बोट ४५, तर्जनी ६०, अंगठा ९०. पाहिजे त्या कोनाचं बोट दुमडा. दुमडलेल्या बोटापासून करंगळीच्या बाजूला जेवढी बोटं उरली ती साइनची, अंगठ्याच्या बाजूला उरली ती कॉसची. वर्गमूळ घ्या, २ ने भागा. समजा ३० पाहिजे. अनामिका दुमडली, करंगळीकडे एकच बोट, साइन ३० = रूट एक बाय दोन = १/२. अंगठ्याकडे तीन बोटं, कॉस ३० = रूट तीन बाय दोन. टॅन पाहिजे तर २ चा विषयच नाही, रूट एक भागिले रूट तीन. ९० ला अंगठा दुमडलात तर अंगठ्याकडे काहीच उरत नाही, टॅनच्या छेदात शून्य, म्हणून टॅन ९० काढता येत नाही, हे पण हातच सांगतो.

इथला नेहमीचा घोळ म्हणजे कुठली बाजू साइनची तेच विसरणं. त्याचा ताळा शून्यावर करा: शून्य कोनाचा साइन शून्यच, करंगळी दुमडली की करंगळीकडे काही उरत नाही, म्हणून ती बाजू साइनची. बास.

हात पण नको वाटत असेल तर समभुज त्रिकोण काढा, प्रत्येक बाजू २, मधून उभा कापा. बाजू १, रूट ३ आणि २, कोन ३०, ६० आणि ९०. तक्त्यातले ३० आणि ६० इथूनच आलेत. ४५ साठी चौरस तिरका कापायचा. मला विचाराल तर ही आकृती एकदा नीट काढून बघितलेल्याला बोटांची पण फारशी गरज पडत नाही, पण परीक्षेच्या गडबडीत बोटं जास्त भरवशाची.

बिघाड तिसरा: चरण बदलला की चिन्ह चुकतं

एक्स आणि वाय अक्षांनी कागदाचे चार भाग होतात, ते चार चरण. पहिल्या चरणात सगळे धन, दुसऱ्यात साइन, तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कॉस. यासाठी "ॲड शुगर टू कॉफी" बऱ्याच जणांना माहीत असतं. मराठीत पाहिजे तर हे घ्या: सगळे सारखे टाइमपास करतात. सगळे, साइन, टॅन, कॉस. आणि त्यांचे व्यस्त त्यांच्याबरोबरच जातात, दुसऱ्या चरणात साइनसोबत कोसेक पण धन.

हे वाक्य सगळ्यांनाच आठवतं, तरी चिन्ह चुकतं, कारण चूक वाक्यात नसतेच. ती दोन ठिकाणी होते. एक, चरण मोजायची दिशा. वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू करून घड्याळाच्या उलट जायचं, काही जण सवयीने घड्याळाप्रमाणे जातात. ताळा सोपा आहे, एकक वर्तुळावर (अक्ष छेदतात तिथे केंद्र, त्रिज्या १) कॉस म्हणजे एक्स आणि साइन म्हणजे वाय, वरच्या अर्ध्यात वाय धन, म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही चरणांत साइन धन असलाच पाहिजे.

दुसरी जागा जास्त बेरकी आहे. ९० + थीटा, २७० − थीटा असलं आलं की फलन बदलतं, साइनचा कॉस, टॅनचा कॉट, सेकचा कोसेक. १८० आणि ३६० ला बदलत नाही. इथवर ठीक. पण चिन्ह कोणाचं बघायचं, जुन्या फलनाचं की बदललेल्या? जुन्याचं! कॉस(९० + थीटा) घ्या. थीटा लहान धरला तर हा कोन दुसऱ्या चरणात. दुसऱ्या चरणात कॉस ऋण, म्हणून उत्तर − साइन थीटा. ज्याने आधी साइन करून टाकला आणि मग चिन्ह बघितलं त्याला दुसऱ्या चरणात साइन धन दिसतो आणि तो बिनधास्त प्लस लिहितो. म्हणून क्रम पक्का ठेवा, आधी चिन्ह लिहून टाका, मगच नाव बदला. ताळा: थीटा ३० घ्या, कॉस १२० = −१/२, आणि − साइन ३० पण −१/२. जमलं.

बिघाड चौथा: तीन नित्यसमानतांच्या जोड्या

साइन वर्ग + कॉस वर्ग = १ कोणी विसरत नाही. दुसऱ्या दोन विसरतात, कारण त्या वेगळ्या म्हणून पाठ केल्या जातात, आणि त्या वेगळ्या नाहीतच. पहिलीला कॉस वर्गाने भागा, टॅन वर्ग + १ = सेक वर्ग. साइन वर्गाने भागा, १ + कॉट वर्ग = कोसेक वर्ग. एवढंच. जोडी लक्षात ठेवायची खूण पुन्हा "को" च आहे, को असलेला कॉट को असलेल्या कोसेकबरोबर, बिन-को टॅन बिन-को सेकबरोबर. (वर व्यस्तात को एकदाच होता आणि इथे दोघांनाही आहे, हे दोन नियम एकमेकांत मिसळू देऊ नका, तो व्यस्ताचा आणि हा वर्गांचा.)

ज्यांना चित्र लक्षात राहतं त्यांच्यासाठी षटकोन झकास आहे. षटकोनाच्या वरच्या दोन टोकांना साइन आणि कॉस, मधल्या दोन टोकांना टॅन आणि कॉट, खालच्या दोन टोकांना सेक आणि कोसेक, मधोमध १. डावीकडे सगळे बिन-को, उजवीकडे सगळे को. आता मधल्या १ मधून सरळ पलीकडे गेलात की व्यस्त मिळतो: साइनसमोर कोसेक, कॉससमोर सेक, टॅनसमोर कॉट. टोक खाली असलेले तीन छोटे त्रिकोण बघा, प्रत्येकात वरच्या दोघांच्या वर्गांची बेरीज म्हणजे खालच्याचा वर्ग: साइन, कॉस आणि खाली १, टॅन, १ आणि खाली सेक, १, कॉट आणि खाली कोसेक. आणि कुठलंही टोक म्हणजे त्याच्या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार, साइन = टॅन गुणिले कॉस, टॅन = साइन गुणिले सेक. एका चित्रात एवढा माल दुसरीकडे कुठे मिळत नाही. पण दरवेळी टोकांची नावं कुठे लिहायची हेच आठवावं लागत असेल तर षटकोन सोडा आणि सरळ भागाकार करा, तो जास्त लवकर होतो.

बिघाड पाचवा: ए+बी, २ए, ३ए चे फॉर्म्युले

सगळ्यात जास्त गोल इथेच पडतात.

साइन(ए+बी) = साइन ए कॉस बी + कॉस ए साइन बी
कॉस(ए+बी) = कॉस ए कॉस बी − साइन ए साइन बी

साइन हा माणसात मिसळणारा गडी, प्रत्येक पदात दुसऱ्याला सोबत घेतो, आणि दिलेल्या शब्दाला जागतो, आत प्लस तर बाहेर प्लस, आत मायनस तर बाहेर मायनस. कॉस आपल्यातच राहणारा, कॉस कॉसबरोबर, साइन साइनबरोबर, आणि शब्द फिरवणारा, आत प्लस दिला की बाहेर मायनस काढतो.

कॉसमध्ये मायनस का, याचं एक कारण लक्षात ठेवलं तर चिन्ह कधीच चुकत नाही: पहिल्या चरणात कोन वाढला की कॉस कमी होतो. कोनात भर घातली, कॉस घटला पाहिजे, म्हणून वजाबाकी.

ताळ्याला ए = ६०, बी = ३० घ्या. साइन ९० यायला पाहिजे, म्हणजे १. रूट तीन बाय दोन गुणिले रूट तीन बाय दोन = ३/४, अधिक अर्धा गुणिले अर्धा = १/४, बेरीज १. कॉस ९० शून्य पाहिजे: रूट तीन बाय चार वजा रूट तीन बाय चार, शून्य. प्लस लिहिलं असतं तर रूट तीन बाय दोन आलं असतं आणि लगेच कळलं असतं.

टॅन(ए+बी) मध्ये अंशात टॅन ए + टॅन बी, छेदात १ − टॅन ए टॅन बी. वरचं चिन्ह दिलं तेच, खालचं उलटं. ताळा पुन्हा ६० आणि ३०, टॅन ६० गुणिले टॅन ३० = १, छेद शून्य झाला, आणि टॅन ९० ला असंच व्हायला पाहिजे. छेदात प्लस असता तर काहीतरी आकडा आला असता, म्हणजे चूक.

२ए चे वेगळे पाठ करू नका, बी च्या जागी ए टाका. फक्त कॉस २ए ची तीन रूपं होतात त्यात गोंधळ होतो: कॉस वर्ग − साइन वर्ग, २ कॉस वर्ग − १, १ − २ साइन वर्ग. एक पुढे कुठे आणि मागे कुठे? ए शून्य घाला, उत्तर कॉस शून्य म्हणजे १ आलं पाहिजे. २ − १ = १, ठीक. १ − ० = १, ठीक. कोणी १ − २ कॉस वर्ग लिहिलं तर −१ येतं, बाद. इथे शून्य मस्त काम करतं.

३ए मध्ये ३ आणि ४ कोणाला आधी? "साइन-तीन" असं यमक जुळतं, म्हणून साइन ३ए = ३ साइन ए − ४ साइन घन ए. कॉसला उलटं, ४ कॉस घन ए − ३ कॉस ए. चार नेहमी घनाबरोबर, तीन नेहमी साध्याबरोबर, फक्त कोण आधी ते बदलतं. ताळा, साइनसाठी ए = ३०: ३/२ − ४/८ = १, आणि साइन ९० = १. कॉससाठी ए = ०: ४ − ३ = १. आटपलं.

बिघाड सहावा: बेरजेचा गुणाकार, म्हणजे सी-डी वाले चार

सी आणि डी हे दोन कोन धरा. साइन सी + साइन डी = २ साइन कॉस, साइन सी − साइन डी = २ कॉस साइन, कॉस सी + कॉस डी = २ कॉस कॉस, कॉस सी − कॉस डी = −२ साइन साइन. चालीत म्हणा: साको, कोसा, कोको, मायनस सासा. कोन चारही ठिकाणी तेच, आधी बेरजेचा अर्धा, मग वजाबाकीचा अर्धा. हे म्हणायला इतकं सोपं आहे की पहिले तीन कोणी सहसा विसरत नाही, पण शेवटचा मायनस निम्मे लोक खातात.

ताळ्यासाठी सी = ९०, डी = ३० ही जोडी सोन्यासारखी आहे, कारण अर्धी बेरीज ६० आणि अर्धी वजाबाकी ३० येते, सगळं ओळखीचं. साइन ९० − साइन ३० = १/२, आणि २ कॉस ६० साइन ३० = २ गुणिले १/२ गुणिले १/२ = १/२. कॉस ९० − कॉस ३० = −रूट तीन बाय दोन, डावी बाजूच ऋण आहे, मग उजवीकडे मायनस लागणारच, साइन ६० आणि साइन ३० दोन्ही धन असताना दुसरीकडून मायनस येणार कुठून? एवढं एकदा स्वतः करून बघा, तो मायनस परत हरवणार नाही.

हे चार आणि ए+बी वाले एकाच दिवशी पाठ करू नका. दिसायला सारखे आहेत, एकमेकांत कालवले जातात. आधी ए+बी वाले पक्के होऊ द्या, काही दिवस गणितात वापरा, मग हे घ्या.

कोसाइन नियमाचं चिन्ह

ए वर्ग = बी वर्ग + सी वर्ग − २ बी सी कॉस ए. (इथे डावीकडचा ए बाजू, कॉसमधला ए तिच्यासमोरचा कोन.) कोन ९० केला की शेवटचं पद उडतं आणि पायथागोरस उरतो, झाला अर्धा ताळा. उरलेला अर्धा चिन्हाचा: कोन ९० च्या पुढे गेला की समोरची बाजू अजून लांब झाली पाहिजे, तिथे कॉस ऋण, मायनस मायनस प्लस, बाजू वाढली. म्हणजे मायनसच बरोबर.

डेरिव्हेटिव्हची चिन्हं

को ने सुरू होणाऱ्या तिघांचं, कॉस, कॉट, कोसेक, डेरिव्हेटिव्ह मायनसने सुरू होतं. बाकीच्यांचं प्लस. साइनचं कॉस, कॉसचं − साइन, टॅनचं सेक वर्ग, कॉटचं − कोसेक वर्ग, सेकचं सेक टॅन, कोसेकचं − कोसेक कॉट. बिनको ची ओळ पाठ असेल तर को ची ओळ आपोआप मिळते, प्रत्येकाला को लावा (असेल तर काढा) आणि पुढे मायनस. इंटिग्रेशनमध्ये साइनचं − कॉस होतं आणि तिथे लोक अडखळतात, उत्तराचं डेरिव्हेटिव्ह मनात काढून बघा, साइन परत आला तर ठीक.

सगळं येतं, तरी आठवड्याने उडून जातं

मग दोष ट्रिकमध्ये नाही, सरावाच्या पद्धतीत आहे. वही उघडून फॉर्म्युल्यांवरून नजर फिरवली की "हो, हे येतं" असं वाटतं, पण ते फक्त ओळखणं असतं, आठवणं नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासलं होतं. मजकूर वाचून झाल्यावर काही विद्यार्थ्यांना तोच पुन्हा वाचायला दिला आणि काहींना न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. म्हणजे वाचून आत्ता जे छान वाटतं त्यावर विश्वास ठेवू नका.

कोरा कागद, वही बंद, आणि आठवत नसेल तर लगेच वहीकडे धावू नका, आधी ट्रिकने काढा, ताळा करा, तरी नाही जमलं तरच बघा. पहिले काही दिवस रोज, मग एक दिवस सोडून, मग आठवड्याने. दरवेळी सगळे फॉर्म्युले लिहायची पण गरज नाही, ज्यावर गोल पडलेत तेवढे पुरे. भिंतीवर तक्ता चिकटवून फारसा फायदा होत नाही, काही दिवसांत तो डोळ्यांना दिसेनासाच होतो. लावायचाच असेल तर डाव्या बाजू लिहा आणि उजव्या कोऱ्या ठेवा.

आणि ट्रिक्स कमी ठेवा. एका गोष्टीला एकच ट्रिक. बाजूंसाठी सासक आणि सोह-काह दोन्ही, चरणांसाठी दोन वाक्यं, किमतींसाठी बोटं आणि तक्ता आणि गाणं, असं केलं की मेंदू आधी कुठली वापरू यातच वेळ घालवतो.

फॉर्म्युला बरोबर, उत्तर तरी चूक

हा बिघाड तुमच्या डोक्यात नसून कॅल्क्युलेटरमध्ये असू शकतो. साइन ३० दाबा. ०.५ आलं तर ठीक. −०.९८८ आलं तर मशीन रेडियन मोडमध्ये आहे, आणि ०.४५४ आलं तर ग्रेडियनमध्ये (दोन्ही कोन मोजायची अंशांहून वेगळी एककं), जे चुकून कळ दाबली गेली की होतं आणि पटकन लक्षात येत नाही कारण आकडा बऱ्यापैकी खरा वाटतो. तसंच साइनच्या डोक्यावर −१ असलेली कळ म्हणजे कोसेक नाही, ती आकड्यावरून कोन काढते. कोसेक पाहिजे असेल तर साइन काढून मग एक भागिले करा. पेपर सुरू होताना पहिलं काम, साइन ३० दाबून बघायचं आणि मोड नीट करून घ्यायचा.